अकरा हंगामांचे महिने

मसुदा पहिला
(जानेवारीत पाठवलेला)

प्रमाणित करण्यात येते की, श्री. जीवन सिद्धेश्वर तोडकर यांनी आमच्या सहकारी साखर कारखान्यात पॅनमन या पदावर सन २००८ ते २०१९ असे अकरा हंगाम काम केले. त्यांचे काम व वर्तणूक समाधानकारक होती.
परमेश्वर गंगाराम खेडकर, टाइमकीपर.

एवढे पुरेल असे मला वाटले होते. कारखाना बंद पडून सहा वर्षे झाली. माझ्याकडे लेटरहेडचा अर्धा गठ्ठा आणि गोल शिक्का राहिला आहे, तो कुणी परत मागितला नाही. मुलाच्या शाळेसाठी, बँकेसाठी, कुठल्या तरी वॉचमनच्या नोकरीसाठी लोक अजून येतात. मी लिहून देतो. आमच्या भागात कारखान्याच्या माणसाला किती वर्षे केली असे कुणी विचारत नाही, किती हंगाम केले असे विचारतात. गव्हाणीत पहिली मोळी पडली की हंगाम सुरू, शेवटचे पोते शिवले की संपला. माझ्या लग्नाला एकोणचाळीस हंगाम झाले.

जीवन ज्या आखाती देशात आहे तिथे हंगाम नसतो. तिथे ऊसच नाही. कच्ची साखर जहाजाने येते आणि रिफायनरी बारा महिने चालते.


उत्तर
(तिकडच्या व्हिसा कचेरीकडून मार्चमध्ये आलेले. जीवनने फोनवर वाचून दाखवले, मी उतरवून घेतले.)

एक. हंगाम म्हणजे किती महिने?
दोन. सगळे हंगाम सारखे होते का? नसल्यास प्रत्येकाचे दिवस कळवावेत.
तीन. एक हंगाम संपल्यावर दुसरा सुरू होईपर्यंत अर्जदार काय करत होता?
चार. पत्रावर अधिकाऱ्याची सही नाही. अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र द्यावे, किंवा त्याच काळात लिहिलेल्या हजेरीची मूळ नोंद दाखवावी.
पाच. एकूण अनुभव एकशे वीस महिने भरत नसल्यास अर्ज पुढे जाणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाखाली मी रेघ ओढली. जीवनला ते फोनवरून दिसण्यासारखे नव्हते.


मसुदा दुसरा

प्रमाणित करण्यात येते की, श्री. जीवन सिद्धेश्वर तोडकर हे

जीवन एप्रिलमध्ये रजेवर आला आणि तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवर चकलांब्याला माझ्या घरी आला. ऊन खूप होते. माझ्या बायकोने, वत्सलाने, त्याला आधी पाणी दिले, मग चहा, मग पुन्हा पाणी. तो बारीक झाला होता, कानाजवळचे केस पांढरे. बेचाळीस वर्षांचा माणूस.

"काका, तीस तारखेपत्तर कागद गेले पाहिजेत. कंपनीचा माणूस तंवर थांबतो म्हणला."

"आन् न्हाई गेले तर?"

"तर जूनमधी ॲग्रिमेंट संपतंय. बॅग भरायची आन् यायचं परत."

"परत येऊन काय करणार?"

"तेच तर." त्याने कपातला चहा फिरवला. "पॅन चालवायला येतं मला. दुसरं काय येतं? आन् इथं पॅन कुठं हाय आता, भंगारवाल्यानं नेल्या."

"दहा वर्षांचा व्हिसा मिळाला तर बायकोपोरीला नेता येतं म्हणं?"

"येतं. कंपनी सोडली तरी कुणी हाकलीत न्हाई. शिवकन्या, आरोही, सगळे एका जागी." मग तो हसला. "काका, सहा वर्षांत मी घरी किती राहिलोय सांगा. आठ महिने. पोरगी फोनवर पप्पा पप्पा करती आन् घरात आलो की आईच्या मागं लपती. नऊ वर्षांची झाली."

तो महिन्यांत बोलत होता. तिकडे राहून सवय लागली असावी.

हा दहा वर्षांचा व्हिसा तिकडे अतिकुशल लोकांना देतात. मोठे डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ. जीवन दहावीनंतर आयटीआय. पण त्याच्या कंपनीने त्याचे नाव त्या यादीत घातले, आणि का घातले ते मला माहीत आहे. पॅन म्हणजे घराएवढी उभी लोखंडी टाकी, तिच्यात रस आटवून साखरेचा दाणा धरायचा. तिकडे सगळे संगणकावर चालते. तरी शेवटी जीवन एक काचेची पट्टी टाकीतल्या रसात बुडवून दिव्यासमोर धरतो, बोटाने पुसून बघतो, आणि सांगतो, अजून चार मिनिटं. कारखान्यात मी त्याला हे हजार वेळा करताना पाहिले आहे. केमिस्ट घड्याळ बघायचा, जीवन काच बघायचा, आणि केमिस्ट जीवनकडे बघायचा.

हे प्रमाणपत्रात लिहिता येत नाही. तसा रकाना नसतो.


दिवस

११८, १४१, १६२, १५५, १२८, ६३, १३१, ७१, ०, १३७, १४९.

हे अकरा हंगामांचे दिवस. वार्षिक अहवालात छापलेले आहेत, कुणालाही मिळतील. त्रेसष्ट हा २०१३ चा, आदल्या वर्षी पाऊस नव्हता म्हणून ऊस नव्हता. शून्य हा २०१६ चा. त्या वर्षी भोंगाच वाजला नाही. आम्ही तोही हंगाम धरतो. माणूस कामावर होता, ऊस नव्हता, त्यात माणसाचा काय दोष?

बेरीज एक हजार दोनशे पंचावन्न. तीसने भागली. एकेचाळीस महिने पंचवीस दिवस. तिकडची सहा वर्षे म्हणजे बहात्तर महिने. दोन्ही मिळून एकशे तेरा महिने पंचवीस दिवस.

जीवनने मोबाइलवर तीनदा करून पाहिले.

"एकशे पंच्याऐंशी दिवस कमी पडतेत."

"व्हय."

"अकरा वर्षं केली काका मी." आवाज चढला नाही. "अकरा वर्षांचे साडेतीन वर्षं झाले की हो."


मसुदा तिसरा

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल कळवण्यात येते की, हंगाम संपल्यानंतर अर्जदार

जीवननेच विषय काढला. मी वाट बघत होतो, आणि तो निघू नये असेही वाटत होते.

"उन्हाळ्यात आमी रिकामे कुठं होतो? पॅनच्या नळ्या खरवडायचो. पंप उघडायचो. दसऱ्यापत्तर चालायचं. तुमी हजेरी घ्यायचा की. लांबट वही होती, निळ्या पुठ्ठ्याची."

वत्सला दारात भाजी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"तशी वही नव्हती," मी म्हणालो.

"काका, मी सह्या केल्यात."

"किरकोळ कागद असंल. गेलं ते."

त्याने मान हलवली, माणूस थकल्यावर हलवतो तशी, आणि म्हणाला, "मग एमडींची, सुंदररावांची सही घेऊ. उद्या येता का मांजरसुंब्याला?"

येतो म्हणालो.


मसुदा तिसरा, मागची बाजू

कोऱ्या बाजूवर लिहितो आहे.

वही होती. आमच्या कारखान्यात रीत अशी होती की हंगाम संपला त्या दिवशी हंगामी माणसाकडून कामावरून कमी केल्याच्या पत्रावर सही घ्यायची. दुसऱ्या दिवशी तोच माणूस दुरुस्तीला यायचा. त्याची हजेरी मोठ्या मस्टरवर नाही, कच्च्या वहीत. कारण माणूस वर्षात दोनशे चाळीस दिवस कागदावर दिसला की तो कायम करा म्हणू शकतो. ती पत्रे मी टाइप करायचो. ती वही मी लिहायचो. एकाच टेबलावर, डाव्या खणात पत्रे, उजव्या खणात वही.

कारखाना बंद पडल्यावर वहीतली जीवन सोडून बाकी छत्तीस माणसे कामगार न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे, आम्ही बारमाही होतो, आम्हाला कायम धरा. जीवन तेव्हा परदेशात होता, त्याचे नाव दाव्यात नव्हते. दावा चालवायला त्याच्या बायकोचा भाऊ रवि पुढे होता. सुंदरराव आमचे कार्यकारी संचालक. त्यांनी मला बोलावले आणि सांगितले, एक पार्टी कारखाना घ्यायला तयार आहे, पण छत्तीस माणसांचे लोढणे गळ्यात घेऊन कुणी घेत नाही. केस निकाली निघाली की येत्या दसऱ्याला भोंगा वाजेल. सगळ्यांनाच काम मिळेल, त्या छत्तीस जणांनाही.

मला भोंगा हवा होता. बीडच्या कोर्टात वकिलाने विचारले, हंगामाबाहेरच्या हजेरीची काही वही होती का? मी म्हणालो, नाही. शपथेवर म्हणालो. पाणी प्यायलो आणि खाली आलो. रवि बाकावर बसला होता, त्याने मला उठून जागा दिली.

केस निकाली निघाली. पार्टी आली नाही.


मसुदा चौथा

लिहिलाच नाही. दुपारी आडवा झालो होतो. वत्सला गोधड्यांची चळत उतरवत होती. सगळ्यात खालच्या गोधडीच्या घडीतून तिने निळी वही काढली आणि माझ्या छातीवर ठेवली.

"पाच वर्षं झाले, दर दिवाळीला ही गोधडी मी एकटीच धुतीया. तुमाला वाटतंय मला दिसत न्हाई?"

"कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलू? शिवकन्येला? ती मला मावशी म्हणती." ती खाली बसली. "आवो, त्या पोराचं त्याच्यापुरतं तरी द्या. बाकीच्यांचं झाकून द्या पाहिजे तर."

हे मला सुचले नव्हते. इतकी वर्षे मी वही म्हणजे सगळी वही असेच धरून होतो.

मी पाने उलटली. जीवनला एकशे पंच्याऐंशी दिवस हवे होते, अकरा उन्हाळे नकोत. २०१४ चा उन्हाळा, एक्क्याऐंशी दिवस. आणि २०१६ चा, एकशे अठरा. ज्या वर्षी उसाचे एक टिपरूही गाळले नाही त्या वर्षी आम्ही सगळ्यात जास्त दिवस काम केले होते. पाऊस चांगला लागला होता, पुढे कधीतरी ऊस येणार म्हणून सगळ्या नळ्या नव्या केल्या. दोन्ही मिळून एकशे नव्व्याण्णव. चार पाने. प्रत्येक पानावर सदतीस नावे.

वत्सलाने जुने कॅलेंडर आणले. तिने कातरीने पट्ट्या कापल्या, मी त्या नावांवर ठेवून लांबी बघितली. एका पानाला दोन पट्ट्या लागत होत्या, एक रुंद वरच्या नावांसाठी, एक खालच्यांसाठी, मध्ये जीवनची ओळ मोकळी. पट्ट्यांवर एकादश्या आणि अमावास्या छापलेल्या होत्या. आम्ही उलट्या बाजूने ठेवल्या.


मसुदा पाचवा
(सुंदररावांनी सांगितलेला, मी त्यांच्या टेबलावर लिहिलेला)

प्रमाणित करण्यात येते की, श्री. जीवन सिद्धेश्वर तोडकर यांनी अकरा हंगाम काम केले असून प्रत्येक हंगाम सहा महिन्यांचा

मांजरसुंब्याच्या चौकाच्या अलीकडे सुंदररावांचे हॉटेल आहे. बाहेर ट्रक, आत कूलर. ते गल्ल्याच्या मागे बसतात. जीवनला त्यांनी मिठी मारली.

"आपल्या कारखान्याचा माणूस अतिकुशल! आन् हितं आमाला कुणी कुशल म्हणंना." मग माझ्याकडे बघून, "काय बे परमेश्वर, वाळलास लई. वहिनी जेवायला घालीत न्हाई का?"

जीवनने सगळे सांगितले. सुंदररावांनी ऐकून घेतले. ते ऐकून चांगले घेतात.

"हंगाम किती महिन्यांचा? सहा. कोण म्हणतं न्हाई? अकरा सक सहासष्ट. हो का न्हाई? लिही बे. मी सही मारतो, शिक्का मार, संपलं. जेवून जा."

मी लिहायला लागलो. अर्धी ओळ झाली तेव्हा जीवनने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"साहेब, ते तपासतेत. एजन्सी हाय त्यांची. साखर कारखान्याचे अहवाल बघतेत. माझ्या ओळखीतल्या एकाचं अनुभवाचं पत्र खोटं निघालं, त्याला विमानतळावरनंच परत लावलं. पुन्ना कधीच न्हाई म्हणून सांगितलं. मला सहा महिने म्हणून चालणार न्हाई. दिवस पाहिजेत. खरे."

"अरे, मग खरे किती हाईत?"

"ते तुमाला माहीत न्हाई का? उन्हाळ्याचे धरले तर भरतेत."

कूलरचा आवाज येत होता. सुंदररावांनी गल्ल्यावरची बडीशेप जीवनपुढे सरकवली.

"उन्हाळ्यात तुमी घरी होता, जीवन. कोर्टानं सांगितलंय तसं. मी कोर्टाच्या वर सही कशी करू?" आणि मग फार मायेने, "वही-बिही काय नव्हतीच की. हाय ना परमेश्वर?"

माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत टॉवेल, टॉवेलात वही, वहीत कॅलेंडरच्या आठ पट्ट्या.

"नव्हती," मी म्हणालो.

सलग दुसऱ्या दिवशी म्हणालो. तोंडाला सवय असते. जेवण मात्र केले नाही. सुंदरराव दारापर्यंत पोचवायला आले, त्यांनी जीवनच्या मुलीचे नाव विचारले आणि तिच्यासाठी पेढ्यांचा पुडा दिला. माणूस वाईट असता तर बरे झाले असते.


(कोरे)

चौकात आम्ही मोटारसायकलजवळ उभे होतो. जीवनने हेल्मेट घातले, काढले, पुन्हा आरशाला अडकवले.

"झालं मग," तो म्हणाला. "शिवकन्येला काय सांगू एवढंच बघतो. ती पोरीचा शाळेचा दाखला काढायला गेलती परवा. म्हणलं, थांब जरा."

मी म्हणालो, "झेरॉक्सचं दुकान कुठं हाय हितं?"

"कावून?"

मी पिशवी उघडली. टॉवेल बाजूला केला. त्याने निळा पुठ्ठा बघितला. हात लावला नाही.

एकजण ट्रक मागे घेत होता, क्लीनर ओरडत होता, येऊ द्या, येऊ द्या.

"काल तुमी न्हाई म्हणलात."

"व्हय."

"आत्ताबी न्हाई म्हणलात. पाच मिन्टं झाले."

"व्हय."

"कोर्टातबी."

मी मान हलवली. त्याने मला शिवी द्यावी असे मला वाटत होते. त्याने दिली नाही. हेल्मेट आरशावरून काढून टाकीवर ठेवले.

"रवि आता पुण्यात हाय, काका. कुठल्या तरी सोसायटीच्या गेटवर. बारा तास उभा. मागं फोनवर म्हणला, परमेश्वरकाका खोटं बोलायचे न्हाईत, वही नसंलच. तुमच्यावर त्याचा राग न्हाई." मग म्हणाला, "चला. दुकान त्या मेडिकलच्या बाजूला हाय."


मसुदा सहावा
(झेरॉक्सच्या दुकानात, बाकावर, कागदाखाली पुठ्ठा धरून)

सोबत सन २०१४ व २०१६ च्या हजेरीची चार पाने जोडली असून त्यावरून श्री. तोडकर यांचे

दुकानातली बाई मोबाइलवर बोलत होती. तिने हातानेच विचारले, काय? मी वही उघडून पट्ट्या जागेवर ठेवल्या. एक वर, एक खाली, मध्ये जीवन. तिने वही उचलून काचेवर उलटी ठेवली, आणि अर्थातच पट्ट्या घसरल्या.

पहिल्या प्रतीत जीवनचे अर्धे नाव पट्टीखाली गेले.

दुसऱ्या वेळी मी पट्ट्या थुंकीने चिकटवल्या. वही उलटी करताना खालची पडली. ती वाकून काढताना माझी कंबर धरली.

तिसऱ्या वेळी बाईने कुठून तरी स्टेपलर दिला. पान जुने, पिना मारू का नको असा विचार करत मी मारल्या. प्रत आली. पट्ट्या जागेवर होत्या, पण कॅलेंडरचा कागद पातळ. यंत्राच्या उजेडात खालची नावे करड्या रंगात वर आली होती. मागे गेलेली, पण वाचता येणारी. त्यांच्यावरून आडव्या एकादश्या.

"जाड कागद लावा ना," बाई म्हणाली. "पुठ्ठा हाय बघा, साडीच्या खोक्याचा. कापून देऊ?"

जीवन माझ्या शेजारी उभा होता. त्याने ती प्रत हातात घेतली होती. तो म्हणाला, "काका, झाकलेलंच राहू द्या. तुमचं नाव नको गुतायला. मला माझी एक ओळ लई झाली. पुठ्ठा लावू."

तो मनापासून म्हणत होता. पण त्याचा अंगठा प्रतीवर, त्याच्या नावाच्या दोन ओळी वर होता. मला न बघता माहीत होते तिथे कोण आहे ते. ती नावे मी अकरा वर्षे त्याच क्रमाने लिहिली. जीवनच्या वर दोन म्हणजे रवि.

बाईने पुठ्ठा पुढे केला. कातर दिली. चार पाने, आठ पट्ट्या, प्रत्येक पट्टी मोजून, कापून, पिना काढून, पुन्हा लावून. मी कातर बोटात घातली. पुठ्ठा जाड होता. एक इंच कापला आणि हात थांबला. दुखत होता, पण तेवढे नाही. सकाळपासून, किंवा कालपासून, किंवा त्या बाकावर रविने उठून जागा दिली तेव्हापासून मी काहीतरी झाकत होतो आणि ते दर वेळी सरकत होते, आणि मी दर वेळी वाकून उचलत होतो. मला आता वाकायचे नव्हते. एवढेच झाले. मोठे काही माझ्या मनात आले असे मी म्हणणार नाही.

कातर टेबलावर ठेवली. पिना नखाने उपसल्या. पट्ट्या पिशवीत टाकल्या.

"तसंच मारा," मी बाईला म्हणालो. "आख्खं पान."

"काका," जीवन म्हणाला.

"तू गप."

पान बाहेर आले. गरम होते. सदतीस नावे, प्रत्येकापुढे चाळीस-पन्नास खुणा, माझे अक्षर, खाली माझी सही. त्या वेळी अक्षर चांगले होते माझे.

जीवनने पान दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडासमोर धरले. डोके जरा मागे, डोळे बारीक. काच धरायचा तसेच. मग एकेका नावावरून बोट फिरवत वाचत राहिला, ओठ हलत होते. मध्येच म्हणाला, "हा वारला की." आणि पुढे वाचू लागला.

"सुंदरराव सोडणार न्हाईत तुमाला," तो परत येऊन म्हणाला.

"न्हाईत."

"कोर्टबी."

"त्याचं मला कळत न्हाई. वकिलाला विचारावं लागंल. उशीर झाला असंल तर झाला असंल."

"एजन्सीचा फोन येईल तुमाला. त्या वहीचं विचारतेल, कुठं होती एवढे दिवस."

"गोधडीत होती म्हणून सांगतो."

तो हसला. मग तोंड फिरवून टॉवेलने पुसत राहिला, माझ्याच टॉवेलने. बाई फोन कानाला लावूनच थांबली होती. तिने विचारले, "चारी पानं झाली. किती सेट काढू? एक?"

जीवनने माझ्याकडे बघितले. त्याला एकच हवा होता. मी खिशातला चष्मा काढून नावे मोजली. मोजायची गरज नव्हती.

"सदतीस," मी म्हणालो.

"एवढा कागद न्हाई माझ्याकडं."

"मग हाय तेवढे काढा. बाकीचे गेवराईला काढतो."


मसुदा सातवा
(पाठवलेला)

प्रमाणित करण्यात येते की, श्री. जीवन सिद्धेश्वर तोडकर यांनी आमच्या कारखान्यात पॅनमन म्हणून सन २००८ ते २०१९ या काळात गळिताचे १२५५ दिवस काम केले. त्याशिवाय सन २०१४ च्या उन्हाळ्यात ८१ व सन २०१६ च्या उन्हाळ्यात ११८ दिवस दुरुस्तीचे काम केले. एकूण १४५४ दिवस. इतर उन्हाळ्यांचे दिवस मूळ वहीत आहेत, लागल्यास तेही कळवीन. मूळ वही माझ्याकडे आहे.

या वहीबद्दल मी पूर्वी न्यायालयात शपथेवर ती नाही असे सांगितले होते. ते खरे नव्हते. ती तेव्हाही माझ्याकडे होती. हे सांगितल्याने या पत्राची किंमत कमी होत असल्यास त्यात श्री. तोडकर यांचा दोष नाही.

कारखान्यात आता अधिकारी कुणी नाही. हजेरी मी घेत होतो, म्हणून सही मी करत आहे.

हे पत्र श्री. तोडकर यांना व्हिसासाठी दिले आहे. याच पानांवर नाव असलेल्या इतर छत्तीस जणांना ज्या कामासाठी लागेल त्या कामासाठी हेच पत्र समजावे. त्यांपैकी चौघे हयात नाहीत. त्यांच्या घरी प्रती मी स्वतः नेऊन देत आहे. रवि यांची पहिल्या टपालाने पुण्याला पाठवली आहे.

परमेश्वर गंगाराम खेडकर
टाइमकीपर
मु. पो. चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड
(दुपारी फोन लागतो. नाही लागला तर पुन्हा करावा.)